वाट्याचं रडणं

याडीला जाऊन आठवडा उलटला होता आणि मी बडोद्यात पेढे वाटत होते.

याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या बोलीत, गोरबोलीत, आई. संग्रहालयशास्त्राच्या एम.ए.ची माझी तोंडी परीक्षा त्या दुपारी संपली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझ्या कामाचं तोंड भरून कौतुक केलं. दिल्लीच्या एका संग्रहालयात जागा निघणार आहे, अर्ज कर, असंही जाताजाता सांगितलं. माझे पाय जमिनीवर नव्हते. खोलीवर येऊन घरी फोन लावला तो बापूंनी उचलला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता काही बाकी नाही ना? पेपर-बिपर?"

"काही नाही. सगळं झालं."

"मंग घरी ये, बाई. तुही याडी नाही राह्यली."

त्यांनी हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मी "बरं" म्हणाले. "बरं" म्हणून फोन धरून तशीच उभी राहिले. मग भावानं, इंद्रजीतनं, फोन घेतला. वावरात धसकटं वेचता वेचता तिच्या छातीत दुखायला लागलं. घाटंजीहून यवतमाळला नेलं. दोन दिवस दवाखान्यात होती आणि शेवटपर्यंत शुद्धीवर होती.

"शुद्धीवर होती अन् मले कोणी फोन नाही केला?"

"तिनंच नाही करू देला. म्हने, पोरीची परीक्षा हाय, तिले आधी मोकयी होऊ द्या."

मला राग आला. बापूंचा आला, इंद्रजीतचा आला, आणि ज्या माणसावर आता रागावून काही उपयोग नव्हता तिचा सगळ्यात जास्त आला. माझा स्वभाव तसाही तिखट आहे. मी इंद्रजीतला वाट्टेल ते बोलले. माझं बोलून संपल्यावर तो म्हणाला, "लालीमावशी थांबली हाय. तिच्या घरी पुतणीचं लगन हाय, तरी गेली नाही. तुह्याशी भेटल्याबिगर हलत नाही म्हनते."

हे ऐकलं आणि माझा राग जिथल्या तिथं थंड पडला. त्याच्या जागी भीती आली.

लालीमावशी याडीची पाठची बहीण, उमरखेडकडच्या एका तांड्यात दिलेली. तिच्याशी 'भेटणं' हा शब्द मराठीत साधा वाटतो, पण आमच्यात तो साधा नाही. घरातलं कुणी गेलं की जवळच्या दोन बायका पहिल्यांदा समोरासमोर येतात तेव्हा एकमेकींच्या गळ्यात हात टाकतात, डोक्याला डोकं टेकवतात आणि रडतात. नुसतं रडत नाहीत, सुरात रडतात. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं तिला उत्तर द्यायचं. गेलेलं माणूस कसं होतं, कसं गेलं, मागं काय ठेवून गेलं, सगळं त्यात आलं पाहिजे. थोरल्या मुलीची आणि मावशीची अशी भेट झाल्याशिवाय घरावरचा दुखवटा उतरत नाही, असं तांड्यात मानतात. मुली हे लग्नाआधी आईकडून, मावश्यांकडून शिकून घेतात.

मी शिकले नव्हते. पाचवीपासून पांढरकवड्याची आश्रमशाळा, मग यवतमाळचं होस्टेल, मग बडोदा. शिकायला घरी होते कधी? आणि हसावं की रडावं कळू नये अशी गोष्ट म्हणजे, माझा प्रबंध याच रडण्यावर होता.

बडनेऱ्यापर्यंतच्या गाडीत मला झोप लागली नाही. बडोद्याची दोन वर्षं डोक्यात फिरत राहिली. पहिल्या वर्षी आम्हाला वस्तू हातात कशी धरायची हे शिकवलं. मडकं काठाला धरून उचलायचं नाही, बुडाखाली हात घालायचा. वस्तूवरची माती धुवायची नाही, कारण ती माती म्हणजे पुरावा. सुट्टीत घरी गेले तेव्हा याडी पाण्याची कळशी काठाला धरून उचलत होती आणि मी चटकन म्हणाले, "अशी नको, बुडाला हात दे." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की बापू हसत बाहेर गेले. नंतर कितीतरी दिवस ती प्रत्येक गोष्ट दोन्ही हातांनी, बुडाला आधार देऊन उचलायची, मीठसुद्धा, आणि मला विचारायची, "पास हाय का मी?"

तिला माझं शिक्षण नीट कळलं नव्हतं, असं मी बडोद्यात सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे तिला जेवढं पाहिजे तेवढं कळलं होतं. "जुन्या गोष्टी कशा टिकवाच्या ते शिकते," ती शेजारणींना सांगायची. "नव्या तं सगयेच टिकवतात." शेजारणींना वाटायचं, पोरगी भंगाराच्या धंद्यात शिरली की काय. याडी त्यांचा गैरसमज दूर करायची नाही, तिला त्यातच मजा वाटायची.

प्रबंधासाठी रडणं ध्वनिमुद्रित करायचं ठरलं तेव्हा तांड्यातल्या एकाही बाईनं मला दारात उभं केलं नाही. कारण नसताना रडायचं नसतं, ते घरावर येतं. मी चिडले, पाय आपटले, होस्टेलमध्ये शिकवतात तशी भाषणं दिली. शेवटी याडीनं लालीमावशीला बोलावून घेतलं. मावशीचा नवरा, हिरासिंग काका, वर्षभरापूर्वी गेला होता. "माह्या मालकासाठी रडाले मले कवाबी कारण लागत नाही," मावशी म्हणाली, आणि याडीच्या गळ्यात हात टाकून तिथंच ओसरीवर सुरू झाली.

मावशीनं ओळ म्हटली आणि याडीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. दोघींचे आवाज एकमेकांत मिसळत होते, माईक एकच होता. मी याडीला खूण केली, तू गप्प राहा. आम्हाला तसंच शिकवलं होतं: एक आवाज, एक माणूस, एक ध्वनिफीत. याडी गप्प बसली. मावशी थोडी अडखळली, पण तिनं आपलं पूर्ण केलं. बडोद्याला जाऊन मी संगणकावर त्यातल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या, कुत्र्याचं भुंकणं काढलं, नाक ओढल्याचे आवाज काढले. वस्तूवरची माती धुवायची नाही हे मला पाठ होतं, पण आवाजावरची माती मी हसत हसत धुतली. विभागाच्या छोट्या दालनात एक लाकडी खोली केली, आत हेडफोन आणि एक बटण. लोक आत जायचे, डोळे पुसत बाहेर यायचे. मी दाराशी उभी असायची आणि मला फार बरं वाटायचं.

बडनेऱ्याला उतरून यवतमाळची एसटी पकडली. ऊन मी म्हणत होतं, खिडकीची सळई हात लावू देत नव्हती. नेर मागं पडलं तेव्हा मी कानात हेडफोन घातले. मला दुपारपर्यंत रडायला शिकायचं होतं. दुसरा काही उपाय दिसत नव्हता.

मी प्रबंधातली स्वच्छ केलेली ध्वनिफीत लावली. मावशीचा आवाज एका ओळीवरून थेट दुसऱ्या ओळीवर जात होता. मी ऐकत राहिले आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मला पाहिजे ते यात नाहीच. मला उत्तर द्यायचं होतं. उत्तर कसं देतात, केव्हा सुरू करतात, ओळ कुठं झेलतात, ते कुठंच नव्हतं. मग फोनमध्ये मूळची, न धुतलेली फीत शोधली. तिच्यात मोकळ्या जागा होत्या. प्रत्येक ओळीनंतर एक. त्या जागेत बांगड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज येत होता. एके ठिकाणी याडीच्या घशातून काहीतरी निघतं आणि लगेच तुटतं. माझ्याकडं याडीचा आवाज म्हणून तेवढाच होता. मी तो पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "काहून व पोरी, पोट दुखते काय?" मी हो म्हणाले.

यवतमाळ येईपर्यंत मी रडून घेतलं, आणि मग अभ्यासाला लागले. आयुष्यभर मी तेच केलं आहे. उत्तर मिळत नाही तर मावशीचीच ओळ पाठ करू, असं ठरवलं. सूर तोच, फक्त काकाच्या जागी याडी घालायची. मावशीची एक ओळ मला फार आवडायची. मराठीत आणायची तर अशी: तुझ्या पागोट्याची घडी तशीच राहिली, आता ती कोण मोडणार, कोण पुन्हा घालणार. प्रबंधात मी या ओळीवर दोन पानं लिहिली होती. पागोट्याच्या जागी मी लुगडं घातलं. घाटंजीच्या बसमध्ये ओठ न हलवता म्हणून पाहिलं. सुरात बसत होतं. मला थोडा धीर आला.

घाटंजीच्या स्टँडवर इंद्रजीत मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याचं मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. इतका वेळ मी सगळं ऐकलं होतं, पण ते डोकं पाहिलं आणि याडी खरंच गेली हे मला पटलं. तो माझ्यापेक्षा लहान, आणि अचानक बापूंसारखा दिसत होता. त्यानं माझी बॅग पुढं टाकीवर घेतली.

"आठ दिवस झाले, सगये विचारून राह्यले," तो गाडी चालवता चालवता म्हणाला. "पोरगी कवा येते, पोरगी कवा येते. मावशी तं जेवतबी नाही नीट." थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "तुले येते ना?"

"काय?"

"भेटाले."

"येते," मी म्हणाले. "दोन वर्षं तेच तं शिकून राह्यली."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी वावरं होती, पेरणीसाठी नांगरून ठेवलेली. आमचं वावर कुठलं हे मला दुरून ओळखता आलं नाही. त्यानं हात करून दाखवलं.

घरासमोरच्या लिंबाखाली बायका बसल्या होत्या. मोटारसायकल थांबली तशा त्या उठल्या. बापू ओसरीत खांबाला टेकून बसले होते, ते जागचे हलले नाहीत. ही बायकांची वेळ होती. लालीमावशी पुढं आली. ती उंच, हाडापेरानं मजबूत बाई. आज पाय ओढत चालत होती. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, आपलं सगळं वजन माझ्यावर दिलं आणि सुरू केलं.

ध्वनिफितीतलं रडणं आणि हे यांच्यात काय फरक होता ते मी दोन पानांत लिहू शकेन, पण तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं की तिच्या छातीतला आवाज माझ्या हाडांत येतोय. माझी बहीण गेली, ती म्हणत होती, माझी जमनी गेली, उन्हात वावरात पडली, पाणी मागितलं आणि पाणी प्याली नाही. यवतमाळच्या दवाखान्यात तिनं सगळ्यांना दटावलं. फोन आपल्या उशीखाली घेऊन निजली, कोणी पोरीला लावू नये म्हणून. नर्सबाईला सांगत होती, माझी पोरगी मोठ्या लोकांपुढं उभी राहून बोलतेय. संध्याकाळी विचारलं, झाली का परीक्षा? आम्ही म्हणालो, नाही. मग थांबते, म्हणाली. आणि थांबली नाही गं, थांबली नाही.

मग मावशी गप्प झाली. तिचा श्वास माझ्या मानेवर येऊन थांबला. आजूबाजूच्या बायकाही थांबल्या. ही ती मोकळी जागा होती.

मी तोंड उघडलं आणि पाठ केलेली ओळ म्हटली. तुझ्या लुगड्याची घडी तशीच राहिली, याडी, आता ती कोण मोडणार, कोण पुन्हा घालणार. सूर चुकला नाही. शब्द चुकले नाहीत.

मावशीनं डोकं उचललं. तिचे डोळे सुजलेले होते आणि त्यात राग नव्हता, गोंधळ होता.

"जमनीनं लुगड्याले कवा घडी घातली व?" ती अगदी साध्या, रोजच्या आवाजात म्हणाली. "दोरीवरून वढे अन् नेसे. सारा तांडा हासे तिले."

मागं एक बाई हसता हसता राहिली. हसण्यासारखंच होतं. याडी असती तर तीच सगळ्यात मोठ्यानं हसली असती.

"हे तं मी माह्या मालकासाठी म्हनलं होतं," मावशी म्हणाली. "ते पागोट्याची घडी लई जपत. तू तुह्यावालं सांग, बाई. तुही याडी कशी होती ते सांग."

मी शोधायला लागले. खरंच शोधलं. माझी याडी कशी होती? सुट्टीत मी यायची तेव्हा घर सारवलेलं असायचं, खायला माझ्या आवडीचं असायचं, ती माझ्याशी थट्टा करायची, आणि जायच्या दिवशी स्टँडपर्यंत यायची. हे कुठल्याही आईबद्दल सांगता आलं असतं. सुट्टी नसायची तेव्हा ती काय करायची, कोणावर चिडायची, तिला कशाची हौस होती? काकाच्या पागोट्यावर मला दोन पानं लिहिता आली, आणि याडीच्या लुगड्याला घडी नसायची हे मला आज मावशीकडून कळत होतं. दहाव्या वर्षापासून मी या घरात पाहुणी होते. याडीनं मला पाहुणीसारखंच वागवलं. चांगलं तेवढं समोर ठेवलं, बाकीचं आत ठेवलं.

"मले नाही येत, मावशी," मी म्हणाले. मग मला रडू कोसळलं, पण ते नुसतं रडू होतं, ते कोणालाही येतं. त्यात ओळ नव्हती, सूर नव्हता, याडी नव्हती.

मावशीनं मला परत जवळ ओढलं. "नाही येत तं नाही येत," ती माझ्या कानात म्हणाली. "तुह्या वाट्याचंबी मीच रडतो. तू फक्त उभी राह्य."

आणि तिनं माझ्या नावानं सुरू केलं. याडी, तुझी उज्ज्वला आली, दार उघड. तुला विहिरीची भीती वाटायची, पाण्याला जाताना तू शेजारणीचा हात धरायचीस, याडी. जळकी भाकर तू आवडीनं खायचीस आणि सगळ्यांना वाटायचं तू आमच्यासाठी चांगली ठेवतेस. बैल अडला की तू गड्यासारखी शीळ घालायचीस. लग्नाच्या मांडवात तुझा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. मी गेले की तू माझी चादर धुवायची नाहीस, पुढच्या सुट्टीपर्यंत तशीच ठेवायचीस, याडी.

एक ओळ माझी म्हणायची, मग थांबायची, मग स्वतःची म्हणायची. दोन्ही बाजू तिनं एकटीनं धरल्या. तिचा आवाज बसत चालला होता. बायका मधूनमधून हुंकार देत होत्या. ओसरीत बापूंनी तोंडावर टॉवेल घेतला होता. ती माझ्या नावानं जे जे म्हणत होती त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकत होते, आणि दर ओळीला मला वाटत होतं, या ओळींतली बाई मला भेटायला हवी होती.

शेवटी मावशीनं पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला. ती पाणी प्याली आणि इंद्रजीतला म्हणाली, उमरखेडची बस किती वाजता हाय ते पाह्य. भेट झाली होती. दुखवटा उतरला म्हणून बायका लुगडी झटकून उठल्या आणि आपापल्या घरी निघाल्या. याडीसाठी माझ्या तोंडून माझा स्वतःचा असा एक शब्दसुद्धा निघाला नव्हता.